इंग्रजी ग्रामप्रासादांची जुनी मुद्राचित्रे : संग्रह आणि वाचन

प्रस्तावना :
इंग्लंडमधील उमराव व धनिक आपल्या जमीनजुमल्यावर जे प्रशस्त निवासस्थान बांधीत, त्यास तेथे ‘कंट्री हाऊस’ म्हणतात. आपल्याकडील वाडा वा गढीशी त्याचे नाते जुळते. मात्र पारनेर तालुक्यातील जामगावचा महादजी शिंदे यांचा वाडा तटबंदीच्या आड उभा आहे, तर हे प्रासाद दुरून नजरेत भरावेत याच हेतूने बांधलेले असत. त्यांची चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची परंपरा या हौसेतूनच वाढली. या चित्रांचा संग्रह कसा करावा आणि ती कशी वाचावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परंपरा व परीक्षा :
१७०७ मध्ये ‘ब्रिटानिया इलस्ट्रेटा’ प्रसिद्ध झाले. लिओनार्ड निफ याने रेखाटलेली व योहानेस किप याने कोरलेली ही दृश्ये पक्षी उंचावरून पाहतो तशी आहेत. १७१५ पासून कोलेन कॅम्पबेल याच्या ‘व्हिट्रुव्हियस ब्रिटानिकस’मध्ये वास्तूंचे आराखडे व दर्शनी भाग आले. अशा ग्रंथांचे वर्गणीदार पुष्कळदा त्या प्रासादांचे मालकच असत. त्यामुळे चित्रात बागा नेहमीच नीटनेटक्या दिसाव्यात, यात नवल नाही.

अस्सल प्रतीची पहिली खूण म्हणजे चित्राभोवती कागदावर उमटलेला पत्र्याच्या कडेचा दाब. कागद प्रकाशासमोर धरल्यास अठराव्या शतकातील बहुतेक कागदांत समांतर रेषांची जाळी दिसते. रंगांवर मात्र विसंबू नये. मूळ चित्रे बहुधा एकरंगी असत आणि रंग पुष्कळदा नंतरच्या विक्रेत्याने भरलेले असतात. चित्राखालच्या बारीक ओळीत सामान्यतः डावीकडे रेखाटणाऱ्याचे, उजवीकडे कोरणाऱ्याचे आणि मध्ये प्रकाशकाचे नाव असते. चौकटीत बसवण्यासाठी ही ओळ कापली गेली, तर चित्र उरते पण त्याचा पुरावा जातो.

विल्बरी ते वेरूळ :
या संग्रहाशी आपला काय संबंध, असा प्रश्न साहजिक आहे. कॅम्पबेलच्या पहिल्या खंडात विल्टशायरमधील विल्बरी हाऊसचे चित्र आहे. हा प्रासाद १८०३ मध्ये सर चार्ल्स मॅलेट याने विकत घेतला. १७८६ पासून पेशवे दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट असलेला मॅलेट तो हाच. त्याने घेतलेली वास्तू मधल्या काळात वाढवलेली होती. त्यामुळे १७१५ चे चित्र दाखवून ‘मॅलेटचे घर’ म्हणणे चुकीचे ठरते. त्याच १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेणाऱ्या आर्थर वेलस्लीसाठी पुढे १८१७ मध्ये राष्ट्राच्या पैशातून स्ट्रॅटफील्ड सेय ही मालमत्ता घेण्यात आली. अशा प्रासादाचे पान हाती आले की त्यामागे दख्खनचा इतिहासही उलगडू लागतो.

१८०३ मध्येच थॉमस डॅनियल याने वेरूळच्या लेण्यांची २४ दृश्ये प्रसिद्ध केली. शीर्षकपृष्ठावर रेखाटनाचे श्रेय जेम्स वेल्स या चित्रकारास दिलेले आहे. वेल्स १७९५ मध्येच वारला होता. मॅलेटच्या पदरी राहून वेरूळची लेणी रेखाटणारे व वेल्सबरोबर काम करणारे पुण्याचे गंगाराम तांबट यांचे नाव त्या पृष्ठावर नाही. त्यांची रेखाटने आज न्यू हेवन येथील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. पुढे याच डॅनियलच्या सल्ल्याने ग्लॉस्टरशायरमध्ये सेझिनकोट हा भारतीय धाटणीचा प्रासाद उभा राहिला, आणि त्याचीही चित्रे छापली गेली.

सुटी पाने :
विक्रीस येणारी बहुतेक मुद्राचित्रे ग्रंथ फोडून काढलेली असतात, कारण सुटी पाने विकल्यास अखंड ग्रंथापेक्षा अधिक पैसा मिळतो. एका ग्रंथालयाच्या रद्दीतून प्रस्तुत लेखकास मिळालेल्या पानाच्या कडेला शिवणीची भोके तेवढी शिल्लक होती, ग्रंथ केव्हाच गेला होता. विसाव्या शतकात इंग्लंडमधील शेकडो प्रासाद पाडले गेले. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यावर प्रदर्शनच भरवले होते. पडलेल्या वास्तूची ओळख पटवण्यासाठी कधीकधी असे एखादे पानच आधार असते.

आपल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांतील जुने सचित्र खंड निर्लेखित करण्यापूर्वी त्यांतील चित्रांची संख्या मूळ यादीशी ताडून पाहावी. सुटे पान असल्यास त्याची कड न कापता ते आम्लरहित कागदात ठेवावे, आणि मागे मऊ पेन्सिलीने ग्रंथ, वर्ष व मिळाल्याचे ठिकाण लिहावे. शाई वापरू नये. ती पुढच्या बाजूस उतरते.