बीजावाचून वंशविस्तार

बी पेरावे, त्याला अंकुर फुटावा, अंकुराचे रोप आणि रोपाचे झाड व्हावे, हा क्रम आपल्या मनात इतका दृढ झालेला आहे की, वनस्पतींच्या वंशविस्ताराचा दुसराही काही मार्ग असेल हे सहसा ध्यानात येत नाही. परंतु डिचोली तालुक्यातील एखाद्या जुन्या कुळागरात शिरून तेथल्या झाडांचे जन्म कसकसे झाले ह्याची चौकशी करू लागावे, तो निराळेच चित्र दिसू लागते. पोफळी आणि माड बियांपासून झालेले असतात, हे खरे. पण पोफळींच्या सावलीतल्या केळी बियांपासून झालेल्या नसतात. त्या मुनव्यांपासून वाढलेल्या. पोफळीला बिलगून वर गेलेला मिरीचा वेल हा बहुधा दुसऱ्या एका वेलाचा तुकडा असतो. नागवेलीची गोष्ट तीच. पाटाच्या कडेची हळद, आले, अळू आणि सुरण ह्यांचे बी कोणी पाहिलेलेही नसते. बांधावरचा अननस त्याच्याच एखाद्या फुटव्यापासून किंवा फळाच्या माथ्यावरील तुऱ्यापासून लावलेला. एवढेच काय, कुळागराच्या वईत रोवलेला पांगाऱ्याचा खुंटसुद्धा पहिल्या पावसात पालवतो आणि त्याचे झाड होऊन बसते.

ह्या प्रकाराला वनस्पतिशास्त्रात शाकीय प्रजोत्पादन असे नाव आहे. नाव जरा जड आहे, पण त्यातली कल्पना अगदी सोपी. फूल, पराग, बी ह्या सगळ्या खटाटोपाला बाजूला ठेवून मूळ, खोड किंवा पान ह्यांपैकी एखाद्या अवयवापासूनच नवे झाड निर्माण व्हायचे. बीजातून जन्मणारे रोप हे आईबापांचे मिश्रण असते. ते आईसारखे होईल असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुकड्यातून जन्मणारे रोप मात्र आईसारखे नसते, ते आईच असते. तेच झाड दुसऱ्या जागी उभे राहिलेले असते. हा फरक नीट ध्यानात ठेवला म्हणजे पुढचे सर्व विवेचन आपोआप उलगडत जाते.

आपल्या पूर्वजांना हा भेद चांगला ठाऊक होता. बाराव्या शतकात होऊन गेलेल्या हेमचंद्राने आपल्या कोशात वनस्पतींचे वर्ग पाडले आहेत ते त्यांच्या उगवण्याच्या रीतीवरून. कोरांटीसारख्या शेंड्यापासून होणाऱ्या त्या अग्रबीज, कमळासारख्या मूलज, उसासारख्या पेराच्या डोळ्यातून फुटणाऱ्या पर्वयोनी, साळईसारख्या स्कंधज आणि भातासारख्या बीजरुह. म्हणजे बीज हा अनेक मार्गांपैकी केवळ एक मार्ग. त्याच्याही पुष्कळ आधी, सहाव्या शतकात, वराहमिहिराने बृहत्संहितेतल्या वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात फणस, केळ, जांभूळ, डाळिंब इत्यादी झाडे कांडापासून कशी लावावीत आणि एका झाडावर दुसरे कसे बसवावे, हे सांगून ठेवले आहे.

निसर्गात हा उद्योग माणसाच्या मदतीवाचून अखंड चालू असतो. पानफुटीचे पान दगडी गडग्यावर नुसते पडले तरी त्याच्या कडेच्या प्रत्येक खाचेतून एकेक इवलेसे रोप डोके वर काढते. जर्मन कवी गटे ह्याला ह्या वनस्पतीचा इतका छंद लागला होता की, तो ती घरी वाढवी आणि मित्रांना तिची पाने भेट म्हणून देई. पेडण्याच्या डोंगरउतारावरील करांद्याचा वेल ह्याहून चतुर. त्याला जमिनीखालच्या कंदावर भरवसा नसतो. पानांच्या बगलेत तो लहान लहान बटाट्यांसारखे कंद धरतो, आणि पावसाळा सरता सरता ते खाली गळून घरंगळत जातात व पुढल्या मिरगात जेथे असतील तेथे फुटतात. लव्हाळ्याची गोष्ट शेतकऱ्याला सांगायला नकोच. खणून काढावा तो जमिनीतल्या गाठींची माळ तुटते आणि एकाच्या जागी दहा लव्हाळे उभे राहतात. खणणारा हात हाच येथे पेरणारा हात होतो! कोकणात आणि गोव्यात लावला जाणारा माणगा बांबू क्वचित फुलला तरी त्याला सहसा बी धरत नाही. म्हणून आज उभी असलेली त्याची बेटे कंद खणून हातोहात पुढे नेलेली आहेत.

बागाईतदाराने निसर्गाचीच ही विद्या उचलली. फांदीचा तुकडा रोवणे ही तिची पहिली पायरी. फांदी झाडावरून न तोडता वाकवून मातीत दाबली की दाब कलम. आणि फांदी वाकत नसेल तर तिच्यावरची अंगठीएवढी साल काढून तेथे ओले शेवाळ बांधले की गुटी. पण ह्यातही बारकावे आहेत, आणि ते ठाऊक नसल्याने पुष्कळांची फसगत होते. मिरीच्या वेलाला दोन प्रकारच्या फांद्या असतात. बुंध्याशी जमिनीवर सरपटणाऱ्या फांदीचा तुकडा लावला तर तो पोफळीवर चढतो. घोस धरणाऱ्या आडव्या फांदीचा तुकडा लावला तर तो रुजतो खरा, पण चढत नाही; त्याचे झुडूपच होते. तुकड्याला आपले मूळचे स्थान जणू आठवत असते.

भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, बाबतीत हे प्रकरण अधिक गंभीर आहे. कोकमाची नर आणि मादी झाडे वेगळी. बियांपासून दहा रोपे केली तर त्यांतली निम्मी नर निघायची, आणि ती नर आहेत हे कळायला सात-आठ वर्षे जायची! मादी झाडाची काडी घेऊन कलम बांधले की हा संशय मिटतो. परंतु काडी आडव्या फांदीची घेतली तर कलमही आडवेच पसरत जाते. सरळ वर जाणाऱ्या शेंड्याचीच काडी घ्यावी लागते.

आता आंब्याकडे वळू. कारण गोव्याचे नाव ह्या विद्येशी जोडले गेले ते आंब्यामुळे. हापूस हे नाव पोर्तुगीज आफोंसपासून आले आणि ते गोवा जिंकणाऱ्या आफोंस द आल्बुकेर्कचे, अशी समजूत रूढ आहे. नाव त्याचे असेलही. पण हे कर्तृत्व त्याचे नव्हे. आल्बुकेर्क १५१५ साली वारला आणि ज्यांना आंब्यावर कलम बांधण्याचे श्रेय सामान्यतः दिले जाते ते जेझुइट पाद्री गोव्यात आले १५४२ साली. त्यांच्या मळ्यांतून निवडक झाडांची कलमे बांधली गेली आणि मानकुराद, मुसराद, फर्नांदीन अशा जातींना एकेक नाव मिळाले. मानकुराद हे नाव तर चक्क निंदाव्यंजक आहे. ‘मालकोरादो’ म्हणजे रंग न चढलेला. ज्या फळापुढे गोमंतकीय माणसाला इतर सर्व फळे फिकी वाटतात, त्याचे हे बारसे!

येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून १७५९ साली घालवून देण्यात आले; आणि डिचोली व पेडणे हे महाल पोर्तुगिजांकडे आले ते १७८० नंतरच्या दहा वर्षांत, पेडणे तर १७८८ मध्ये. तेव्हा ह्या दोन तालुक्यांतल्या जुन्या घरांच्या परसात जी कलमे उभी राहिली, त्यांचे श्रेय पाद्र्यांच्या मळ्यांना थेट देता येणार नाही. बार्देशातून, तिसवाडीतून, नदी ओलांडून कोणीतरी ती आणली असली पाहिजेत. कोणी सोयऱ्याकडून, कोणी मित्राकडून. त्या हातांची नावे इतिहासात नाहीत. झाडे तेवढी आहेत.

त्या काळचे कलम म्हणजे भेट कलम. कुंडीतले रोप उचलून मोठ्या झाडापाशी न्यायचे, फांद्या उंच असतील तर त्यासाठी माच बांधायची, रोपाची आणि फांदीची साल सारख्या लांबीने तासून दोन्ही अंगे एकमेकांना घट्ट बांधायची. दोन-तीन महिने फांदी आईच्याच दुधावर राहते. जोड सांधला की मगच ती खालून तोडायची. हा सांधा कसा होतो? साल आणि लाकूड ह्यांच्यामध्ये एक अतिशय पातळ, ओलसर थर असतो. त्याला ऊतककर म्हणतात. झाडाची जाडी वाढते ती ह्याच थरामुळे. दोन झाडांचे हे थर एकमेकांना भिडले की त्यांच्यातून नवी ऊती निर्माण होऊन रसवाहिन्या जोडल्या जातात. माड, पोफळ ह्यांच्या खोडात असा अखंड थर नसतो. म्हणूनच कुळागरातल्या ह्या दोघांचे कलम होत नाही आणि त्यांना बीजावरच विसंबावे लागते.

भेट कलमात वेळ आणि श्रम फार, आणि एका झाडावर कलमे व्हायची थोडी. पुढे कोकणात कोय कलमाची पद्धत रुळली आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिचा प्रसार केला. काजूसाठी मृदुकाष्ठ कलम आले. तेरेखोलपलीकडे वेंगुर्ल्याला १९५७ साली सुरू झालेल्या संशोधन केंद्राने काजूच्या ज्या जाती दिल्या, त्यांतील वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ह्यांची नावे कोकणातल्या बागाईतदारांना पाठ आहेत. काजू हे ब्राझीलहून आलेले झाड. चार शतके ते बियांपासूनच वाढले. परिणामी डोंगरावरचे प्रत्येक झाड निराळे. कोणाची बी मोठी, कोणाचे बोंडू रसाळ, कोणाचे दोन्ही बेताचे. ह्या गोंधळातच उत्तम झाड दडलेले असते. बाळ्ळी येथील अशाच एका निवडीपासून जुन्या गोव्याजवळच्या एला येथील संशोधन केंद्राने १९९९ साली गोवा काजू-१ ही जात दिली. बीजाने वैचित्र्य निर्माण करावे आणि कलमाने त्यातले निवडक जतन करावे, अशी ही कामाची वाटणी आहे.

कलमाचा एक धोकाही सांगितला पाहिजे. सगळी झाडे मिळून एकच झाड असेल तर एकाला मारणारा रोग सर्वांना मारतो. आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर करपा पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे अन्नावाचून व रोगराईने मेली. त्यांचा बटाटा बहुतांशी एकाच जातीचा होता. ग्रो मिशेल नावाच्या केळीवर जगाचा व्यापार उभा होता. मुळांतून शिरणाऱ्या एका बुरशीने १९६० च्या सुमारास तो संपुष्टात आणला. कुळागरात रसबाळी, सालदाटी, सावरबोंडी आणि मयड्याची केळ अशा जाती शेजारी शेजारी नांदतात, ह्याला म्हणून फार महत्त्व आहे.

दुसरा धोका आपल्या अधिक जवळचा. बीजाने वाढणारी जात एक झाड गेले म्हणून जात नाही. कलमाने वाढणारी जात मात्र तिचे शेवटचे झाड तोडले त्या दिवशी संपते; त्याच्या कोयी गोणीभर साठवल्या तरी त्यांतून उगवतो तो रायवळ. डिचोलीत खाणींसाठी डोंगर कापले गेले. त्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, पण कापलेला डोंगर परत येत नाही. मोप्याच्या पठारावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली, आणि पेडण्यात जमिनीचा भाव झाडाच्या भावापेक्षा फार वर गेला. त्याच २०२३ साली मानकुरादाला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन नावाला मिळते. परसातल्या, नाव नसलेल्या, एकाच घराला ठाऊक असलेल्या आंब्याला ते कोठून मिळणार?

म्हणून घर पाडण्याचे किंवा जमीन देण्याचे ठरले आणि तेथे असे एखादे झाड असले, तर ते तोडण्यापूर्वी त्याच्या काड्या घ्याव्यात. तीन-चार महिने वयाचा, मोहोर न आलेला, शेंड्याचा डोळा फुगू लागलेला फुटवा निवडावा. आठ-दहा दिवस आधी त्याची पाने देठ ठेवून कापावीत, म्हणजे डोळा जोर धरतो. काडी वीतभर पुरे. ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली तर ती काही दिवस टिकते. तेवढ्यात जवळच्या रोपवाटिकेत पोचवावी. जून ते ऑगस्टच्या ओल्या हवेत पंधरा दिवसांच्या, अजून तांबूस पानांच्या रोपावर ती पाचरीसारखी बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतात. जोड पक्का झाला की पट्टी सोडायला विसरू नये, नाही तर ती खोडात रुतते. कलमाला चिठ्ठी बांधून आंब्याचे घरात चालत आलेले नाव आणि मूळ गावाचे नाव तीवर लिहावे. आणि पहिली काही वर्षे जोडाच्या खालून फुटणारे धुमारे दिसताक्षणी खुडून टाकावेत. ते राहिले तर खालचा रायवळ जोराने वाढतो, वरची काडी उपाशी राहून वाळते, आणि पुढे आंबट फळे लागली म्हणजे मालक म्हणतो, झाडाने जात बदलली.