शॉकअप किती तिरका?

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. गणिताची चूक मात्र पोटात घालू नका, कारण हा लेखच एका गणिताच्या चुकीबद्दल आहे.

आपल्या कॉलेजची टीम बाहा एसएई इंडियासाठी एटीव्ही बनवते, हे तुम्हाला वर्कशॉपमधून रात्री दोनला येणाऱ्या ग्राइंडरच्या आवाजावरून कळलंच असेल (सॉरी, सी विंग!). टेस्टिंगच्या पहिल्याच दिवशी आमची गाडी मातीच्या उंचवट्यावरून उडाली आणि पुढून धाडकन बसली. शॉकअप शेवटपर्यंत दाबला गेला, खालचं ब्रॅकेट वाकलं आणि स्टिअरिंगच्या झटक्याने माझ्या रूममेटचं मनगट लचकलं. दोन आठवडे तो मेसमध्ये डाव्या हाताने जेवत होता. सस्पेन्शनचं कॅल्क्युलेशन माझं होतं.

चूक कुठे झाली ते समजायला आधी आपल्या रूमचं दार बघा. बिजागरीजवळ ढकललं तर जोर जास्त लागतो, कडीजवळ ढकललं तर कमी. हे सगळ्यांना माहीत असतं. पण कडीजवळच, दाराला काटकोनात न ढकलता तिरकं ढकलून बघा. पुन्हा जोर जास्त लागतो. सस्पेन्शनचा आर्म म्हणजे आडवं दार आणि शॉकअप म्हणजे ढकलणारा हात. शॉकअप आर्मवर किती लांब लावलाय आणि आर्मशी किती अंशाचा कोन करतोय, या दोन्हींवरून मोशन रेशो ठरतो, म्हणजे चाक एक मिलिमीटर हललं तर शॉकअप किती हलतो ते.

चाकाला जाणवणारा कडकपणा काढताना स्प्रिंगच्या रेटला या रेशोच्या वर्गाने गुणायचं असतं. वर्ग अशासाठी, की तिरकेपणामुळे स्प्रिंग कमी दाबली जाते आणि तिचा जोरही चाकापर्यंत कमी पोचतो. एकाच गोष्टीचा फटका दोनदा! आमची स्प्रिंग ३० न्यूटन प्रति मिलिमीटरची होती आणि शॉकअप आर्मच्या ७० टक्के लांबीवर होता. मी ०.७ चा वर्ग ०.४९ घेतला, ३० ने गुणलं, १४.७ आलं आणि झोपायला गेलो. प्रत्यक्षात गाडी उभी असताना शॉकअप आर्मशी ६० अंशात होता. साइन ६० चा वर्ग ०.७५. म्हणजे खरा आकडा ११. पाव हिस्सा कडकपणा कागदावरच राहिला. डॅम्पिंगही त्याच हिशेबाने पाव हिस्सा कमी.

वर्कशॉपमधल्या काकांना ब्रॅकेट दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “काय रे, शॉकअप जमिनीला बघून मापलास का? आर्मला बघून मापायचा.” मी दोन्हीला बघून मापला नव्हता, पण ते बोललो नाही.

काकांचं म्हणणं महत्त्वाचं आहे, कारण चाक वर-खाली होताना हा कोन बदलत राहतो. स्पोर्ट क्वाडवर हे जास्तच दिसतं. यामाहाची वायएफझी ४५० किंवा सुझुकीची एलटीआर ४५० घ्या. पायांत धरून चालवायची गाडी, त्यामुळे फ्रेम अरुंद आणि आर्म बाहेर पसरलेले. पुढचे शॉकअप वरच्या टोकाला आत झुकलेले असतात. चाक लोंबकळत असताना कोन लहान असतो आणि चाक वर येईल तसा काटकोनाकडे जातो. म्हणजे छोट्या खड्ड्यांना मऊ, उडी मारून पडल्यावर कडक. आमच्या गाडीत कोन ४५ पासून जवळपास ९० पर्यंत जात होता, म्हणजे कडकपणा ७.३५ वरून १४.७ पर्यंत. माझा आकडा अगदीच चूक नव्हता, फक्त चाक पूर्ण वर असतानाचा होता!

मागे या क्वाडना एक चिमटा आणि एकच शॉकअप असतो, मध्ये लिंकेज. काही रायडर लिंकेज काढून शॉकअप थेट चिमट्याला लावतात. मग हे वाढत जाणं कोनातून आणि एकावर एक लावलेल्या वेगवेगळ्या स्प्रिंगांतूनच आणावं लागतं.

टीममध्ये मत पडलं, शॉकअप सरळ उभाच करूया. ऐकायला बरोबर वाटतं. पण उभ्या गाडीतच काटकोन केला, तर चाक वर जाताना कोन ९० च्या पुढे जातो आणि १२० ला पोचला की परत तेच ०.७५. म्हणजे गाडी आपटतानाच मऊ पडणार. शिवाय तेवढ्याच चाकाच्या हालचालीला शॉकअप जास्त दाबला जाणार आणि आमच्याकडे स्ट्रोक शिल्लक नव्हता.

शेवटी कोन तसाच ठेवला, ब्रॅकेट जाड प्लेटचं केलं आणि ४० ची स्प्रिंग मागवली. आता ६० अंशाला बरोबर १४.७ येतात. पैसे ट्रीटच्या फंडातून गेले. पण डॅम्पर जुनाच असल्यामुळे गाडी उडीनंतर बेडकासारखी दोनदा उसळायची. रिबाउंडचा नॉब चार क्लिक घट्ट केल्यावर ती एका उसळीवर आली. रूममेट म्हणतो अजून दोन क्लिक हवेत. मनगट त्याचं आहे, त्यामुळे उद्या दोन क्लिक देतोय.