गाभण गाय आणि माळ्यावरचा पेंढा

डिचोली-पेडण्याच्या खेड्यांतून गाय गाभडली की वडीलधाऱ्यांना प्रथम राखणदाराची आठवण होते. कोणाचे काही चुकले काय, अशी विचारणा होते आणि नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले जाते. या श्रद्धेला आम्ही नावे ठेवणार नाही; मात्र परतताना गोठ्यावरील माळ्याकडेही एकदा दृष्टी टाकावी, असे सुचवावेसे वाटते.

माळ्यावर असतो भाताचा पेंढा. सरद पिकाची कापणी आणि परतीचा पाऊस यांची आपल्याकडे अनेकदा गाठ पडते. धान्य वाळवून घरात येते, पेंढा मात्र दमट असतानाच रचला जातो. आतून तो तापतो, काळवंडतो, आणि हलविताच कुबट धूळ उठते. त्या धुळीत बुरशीचे असंख्य बीजाणू असतात. ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही त्यांतील प्रमुख बुरशी. श्वासावाटे वा चाऱ्यावाटे गेलेले बीजाणू रक्तातून गर्भाशयात पोहोचतात व वारेत रुजतात. वार जाड, चामड्यासारखी होते, गर्भाचे पोषण तुटते, आणि बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाय गाभडते. तोवर ती नेहमीसारखी खातपीत असते. म्हणूनच घाला अचानक पडल्यासारखा वाटतो. कधी पडलेल्या वासराच्या कातडीवर गजकर्णासारखे चट्टे दिसतात. एका गायीच्या दुधावर ज्यांचा संसार चालतो, त्यांचे वर्ष यात बुडते.

परंतु प्रत्येक गाभडणे बुरशीचेच, असे समजणे धोक्याचे. ब्रुसेलोसिसनेही गायी गाभडतात, आणि तो रोग माणसालाही जडतो. यास्तव वार उघड्या हातांनी ओढू नये, ओढ्यात वा कुत्र्यांपुढे टाकू नये. तत्काळ पशुवैद्यास कळवावे. वारेचा तुकडा प्रयोगशाळेत तपासला म्हणजे भेद कळतो. घाईने सारे पुरून टाकल्यास तो मार्गच बंद होतो. ब्रुसेलोसिसविरुद्ध चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना लस टोचता येते. बुरशीला लस नाही, प्रतिजैविकांचाही तिच्यावर उपयोग नाही. तथापि केवळ बुरशीने गाभडलेली गाय पुढे बहुधा नीट विते. तिला पडत्या भावाने विकण्याचे कारण नाही.

राहिला पेंढा. कुबट पेंढा गाभण जनावरास घालू नये आणि खाली अंथरूही नये. पुन्हा उन्हात टाकल्याने तो निर्दोष होत नाही. त्याची जागा खताच्या खड्ड्यात, आणि तेथे नेतानाही नाकातोंडावर फडके बांधावे, कारण ती धूळ माणसाच्या फुप्फुसांनाही बाधते. नवी गंजी चिऱ्यांवर फळ्या टाकून जमिनीपासून उंच रचावी. वायंगणाचा, भर उन्हात वाळलेला पेंढा मिळत असेल, तर तो गाभण गायीसाठी वेगळा राखून ठेवावा.