ऑइल शेल : एक पिंप तेलासाठी किती पिंपं पाणी?



ऊर्जा साधनांचा पाठ शिकवताना एखादं मूल विचारतंच, "सर, दगडातून तेल निघतं का?" निघतं. पण त्यासाठी पाणी कुठून आणायचं, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. तो समजून घ्यायला अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याचा कोरडा पश्चिम भाग बघू.

तिथल्या पिअन्स खोऱ्यात ऑइल शेल नावाचा खडक आहे. नावावर जाऊ नका, त्यात तयार तेल नसतं. असतं ते केरोजेन, म्हणजे न शिजलेलं तेल म्हणा ना! खडक सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्याचं तेल होतं. (फ्रॅकिंगने काढतात ते शेल ऑइल वेगळं. इथे मुलंच काय, आपणही गोंधळतो.) या एका खोऱ्यात सुमारे १.५ लाख कोटी पिंपं तेल असावं, असा सरकारी भूवैज्ञानिकांचा अंदाज आहे. अर्थात सगळं काढता येईल असं नाही.

मग पाणी कशाला? धूळ बसवायला, तेल शुद्ध करायला, वीज तयार करायला. शिवाय भाजलेला खडक लाहीसारखा फुगतो आणि जिथून काढला त्या खड्ड्यात पुन्हा मावत नाही. त्याचे ढीग भिजवून दाबायचे, वर गवत लावायचं, तर परत पाणी. कामगारांची नवी गावं वसतात, ती वेगळीच. २०१० च्या एका सरकारी अहवालानुसार, खडक खणून भट्टीत तापवला तर एका पिंपामागे २ ते ४ पिंपं पाणी लागेल. जमिनीतच तापवला तर १ ते १२. एवढ्या मोठ्या फरकावर धरणाची उंची कशी ठरवणार?

वर्गात हे गणित जरूर द्या : रोज १० लाख पिंपं तेल, तिप्पट पाणी, एक पिंप म्हणजे १५९ लिटर. उत्तर येतं ४७.७ कोटी लिटर, तेही रोज!

आता नदीकडे या. कोलोरॅडो नदीचं पाणी १९२२ च्या कराराने सात राज्यांत वाटलं गेलं, पण हिशेब धरला तो जास्त पावसाच्या वर्षांचा. त्यामुळे कागदावरचं पाणी नदीतल्या पाण्यापेक्षा जास्त आहे. त्यात तिथला कायदा असा, की ज्याने आधी पाणी वापरलं त्याचा हक्क आधी. तेल कंपन्यांनी हे ओळखून काही दशकांपूर्वीच जुने हक्क विकत घेतले, पुष्कळदा शेतजमिनीसकट. त्यातल्या काही जमिनी आज शेतकरी भाडेपट्ट्याने कसतात. उद्योग वाढला तर ते पाणी शेतातून भट्टीकडे जाईल, आणि कायद्याने त्यात चूक काहीच नसेल.

म्हणून आधीच धरणं बांधून ठेवावीत का? इथे मला मात्र शंका येते. १९८० मध्ये एक्झॉन कंपनी रोज ८० लाख पिंपं तेलाचं चित्र रंगवत होती; त्यासाठी मिसुरी नदीचं पाणी डोंगरापलीकडून आणायचीही कल्पना होती. २ मे १९८२ ला त्याच कंपनीने पॅराशूट गावाजवळचा प्रकल्प बंद केला. कारण पाणी नव्हतं. खर्च वाढला होता आणि तेलाचे भाव उतरत होते. दोन हजारांहून जास्त लोकांचं काम गेलं. कामगारांसाठी वसवलेली घरं मात्र तिथेच उभी राहिली.