हिला नदीचं पाणी आणि पिमांचं वजन

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या दक्षिणेला, हिला नदीकाठी पिमा आदिवासी राहतात. स्थूलपणा आणि मधुमेह यांचं त्यांच्यातलं प्रमाण अतिशय जास्त आढळलं, म्हणून १९६५पासून सरकारी संशोधक त्यांच्या रक्ताचे नमुने गोळा करत आले. कारण काय असावं? जेम्स नील या जनुकतज्ज्ञाने १९६२ साली एक कल्पना मांडली होती: दुष्काळात तगले त्यांच्यात चरबी साठवणारी ‘काटकसरी’ जनुकं टिकली आणि सुकाळ येताच तीच अंगावर उलटली. पिमा हे या कल्पनेचं ठळक उदाहरण बनले. जनुकांवर ठपका ठेवण्यात एक सोय असते, कुणाला जाब विचारावा लागत नाही.

पण याच पिमांचे भाऊबंद सीमेपलीकडे, मेक्सिकोच्या डोंगराळ भागात मायकोबा गावी राहतात. रक्त जवळचं, जगणं निराळं: हाताने शेती, जेवणात मका, घेवडा, बटाटे. २००६ साली दोन्हीकडची तुलना प्रसिद्ध झाली. प्रौढांमध्ये मधुमेह ॲरिझोनात ३८ टक्के, मायकोबात ७ टक्क्यांच्या आतबाहेर. स्थूलपणातली तफावतही तितकीच डोळ्यांत भरणारी. जनुकांचा वाटा असेलही, पण एवढी दरी त्यांच्यामुळे पडत नाही.

ती कशी पडली हे नदीला विचारावं. पिमा पिढ्यान्‌पिढ्या कालवे काढून शेती करत. टेपरी नावाचा, कमी पाण्यावर येणारा घेवडा, भोपळा, मका पिकवत; मेस्कीटच्या शेंगा दळून खात. (आपल्याकडे माजलेली वेडी बाभूळ याच मेस्कीटच्या गोतावळ्यातली.) १८४९नंतर सोन्यामागे कॅलिफोर्नियाला धावणारे गोरे वाटेत पिमांच्याच गव्हावर पोसले गेले. पुढे वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी पाणी वळवलं. शतक सरता सरता खालची शेतं करपली, उपासमार झाली, आणि शेतकऱ्याच्या हाती सरकारी शिधा आला: मैदा, साखर, डुकराची चरबी. मैद्याची जाड पोळी चरबीत तळून खाणं त्या शिध्यातूनच रुळलं. आज तिला ‘पारंपरिक’ म्हणतात! शेत गेलं तशी शेतातली मेहनतही गेली. अशा माणसाला ‘कमी खा, जास्त चाला’ सांगणारा डॉक्टर चुकीचं सांगत नाही, अपुरं सांगतो.

२००४ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून पिमांचा पाण्यावरचा हक्क मान्य केला. शेती पुन्हा उभी राहते आहे. घेवडा काही शेतांत परतला आहे. पण बरंचसं पाणी आज कापूस आणि लसूणघास पितात.