बोंबील वाळवा, चेहरा नको

दांडी-उच्छेळीपासून सातपाटीपर्यंत मासळी सुकवणाऱ्या कुणाही बाईनं आपला हात उलटासुलटा करून पाहावा. बाहेरची बाजू रापलेली, बारीक काळ्या ठिपक्यांची, चिमटीत धरली तर चुणी पडणारी. आतली बाजू काखेकडे जाल तशी मऊ आणि एकसारख्या रंगाची. दोन्ही बाजू एकाच वयाच्या. फक्त एकीनं ऊन खाल्लं. ‘वय दिसायला लागलं’ असं आपण म्हणतो त्यातला मोठा वाटा उन्हाचाच असतो, आणि तेवढा भाग थोडाफार आपल्या हातात असतो.

उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरण बहुतेक वरच्या थरात अडतात. कातडी भाजते ती मुख्यतः त्यांच्यामुळे. यूव्हीए खोल जातात. तिथे कोलॅजेनचे तंतू त्वचेला घट्ट धरतात आणि इलॅस्टिनचे तंतू ताणलेली त्वचा पुन्हा जागेवर आणतात. ऊन लागलं की त्वचेतच काही विकरं वाढतात आणि हे तंतू तोडू लागतात. शरीर डागडुजी करतं, पण दर वेळी थोडी कसर राहते, आणि वर्षानुवर्षं साठलेल्या त्या कसरीची सुरकुती होते. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त, म्हणून सुरकुत्या उशिरा येतात. पण तेच मेलॅनिन जागोजागी साचून गालांवर वांग आणि कपाळावर काळपटपणा मात्र लवकर दिसतो.

यूव्हीए काचेतूनही आत येतात. 28 वर्षं मालवाहू गाडी चालवलेल्या एका 69 वर्षांच्या अमेरिकी माणसाचं छायाचित्र 2012 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलं होतं. खिडकीकडची डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली, उजवी बरीच तुकतुकीत. तारापूर एमआयडीसीत टेम्पो चालवणाऱ्यांची खिडकी उजवीकडे असते; त्यांनी आरशात उजवा गाल न्याहाळावा.

‘उन्हात जाऊ नका’ हा सल्ला इथे निरुपयोगी, कारण बोंबील सुकतो तोच उन्हावर. पण मासळी उन्हात राहिली म्हणून माणसानंही दिवसभर तिथेच राहायला हवं असं नाही. वलांडीवर बोंबील चढवणं, जवळा पसरणं, उलटणं ही कामं शक्य तेवढी सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर उरकावीत. मधल्या वेळची कावळ्या-कुत्र्यांची राखण सावलीतून करावी. घड्याळ नसेल तर आपली सावली पाहायची. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण प्रखर असतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर इथे दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. शिवाय कोरडी वाळू सुमारे 15 टक्के आणि समुद्राचा फेस 25 टक्के अतिनील किरण परत फेकतो, म्हणजे टोपीच्या खालूनही ऊन लागतंच.

साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल आणि वर रुंद काठाची टोपी हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय. कापड घट्ट विणीचं हवं. पातळ सुती कापड घामानं भिजलं की त्यातून किरण जास्त आत येतात.

उघड्या भागाला सनस्क्रीन. एसपीएफ 30 जवळपास 97 टक्के यूव्हीबी अडवतं, 50 सुमारे 98; त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. यूव्हीएसाठी डबीवर ‘पीए’पुढची अधिक चिन्हं पाहा. खरी गोम मात्र किती लावतो यात आहे. तर्जनी आणि मधलं बोट या दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढली, तर तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. घाम येतो तिथे दर दोन तासांनी पुन्हा. 50 ग्रॅमची ट्यूब सहा महिने पुरत असेल तर ती लावल्यासारखी लावलीच जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोरमध्ये 903 जणांवर साडेचार वर्षं पाहणी झाली. रोज नेमानं सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय वाढणं 24 टक्के कमी भरलं. 2013 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

झालेलं नुकसान थोडं भरून काढणारं, सगळ्यात जास्त तपासलेलं औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. रात्री, वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच. पहिले काही आठवडे आग होते, साल निघते. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदरपणात ते वर्ज्य. आणि दिवसा तोंड झाकायची तयारी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊच नका, वांग वाढेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

कोलॅजेनच्या क्रीमवर पैसे घालवू नका. तो रेणू इतका मोठा की त्वचेतून आत शिरतच नाही. खोबरेल किंवा व्हॅसलीननं कोरड्या रेषा बुजल्यासारख्या दिसतात, तेवढ्यापुरतं ते छान. लिंबू चोळून उन्हात मात्र जाऊ नये, फोड येऊन वर डाग राहतात.

खरा धोका दुकानात मागितल्याबरोबर मिळणाऱ्या ‘गोरं करणाऱ्या’ ट्यूबचा. तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. पंधरा दिवस चेहरा उजळतो, पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, आणि बंद केली की आगडोंब. 2018 साली सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीवरच विकायच्या यादीत टाकली, तरी ती सर्रास मिळतात. घरात असेल ती ट्यूब काढून मागे बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलंय का पाहा. लिहिलेलं असेल आणि महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम न थांबवता ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.