घटनेत जागा नसलेले पक्ष

1787 साली फिलाडेल्फियात लिहिल्या गेलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा एका शब्दानेही उल्लेख नाही. त्या पिढीच्या लेखी पक्ष म्हणजे ‘गट’, अर्थात लोकहिताच्या नावाआड आपला स्वार्थ साधणारी मंडळी, आणि प्रजासत्ताके अशा गटबाजीनेच बुडतात असा तिचा समज होता. जेम्स मॅडिसन यांनी त्याच वर्षी ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतील दहाव्या लेखात गटांची बीजे माणसाच्या स्वभावातच असल्याचे मान्य केले, मात्र देश विस्तीर्ण आणि हितसंबंध अनेक असतील तर कोणा एका गटाला बहुमत जुळवणे अवघड जाईल, असा भरवसाही दिला. पाचच वर्षांत हेच मॅडिसन एका पक्षाची बांधणी करत होते.

फुटीचे मूळ पैशात होते. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या 1790 च्या योजनेनुसार स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातील कर्जरोखे दर्शनी किमतीने फेडायचे होते. पण वेतनापोटी मिळालेले हे रोखे अनेक सैनिकांनी गरजेपायी कवडीमोलाने विकून टाकले होते, त्यामुळे पूर्ण रक्कम पडणार होती ती सट्टेबाजांच्या पदरात. कर्जफेडीसाठी 1791 मध्ये व्हिस्कीवर कर बसला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय बँकही स्थापन झाली. बँक काढण्याचा अधिकार घटनेने स्पष्ट शब्दांत दिलेला नसल्याने तो केंद्राला नाही, असे परराष्ट्रमंत्री थॉमस जेफर्सन यांचे ठाम मत होते. त्यांनी आपल्या खात्यात भाषांतरकार म्हणून नेमलेल्या फिलिप फ्रेनो यांनी ‘नॅशनल गॅझेट’ काढले आणि हॅमिल्टन यांच्या धोरणावर टीकेची झोड उठवली. पुढे फ्रान्समधील राज्यक्रांतीवरून मने आणखी दुभंगली आणि हॅमिल्टन यांचे फेडरलिस्ट व जेफर्सन यांचे रिपब्लिकन (1854 मध्ये जन्मलेल्या आजच्या रिपब्लिकन पक्षाहून हे वेगळे) असे दोन तट पडले.

सत्ताधारी फेडरलिस्टांना विरोधक आणि देशद्रोही यांतला फरक अजून मान्य नव्हता. 1798 च्या राजद्रोह कायद्याने सरकार, काँग्रेस आणि राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्धचे बदनामीकारक लेखन गुन्हा ठरवले. उपराष्ट्राध्यक्षांना मात्र हे संरक्षण नव्हते, कारण त्या पदावर जेफर्सन होते. व्हरमाँटचे प्रतिनिधी मॅथ्यू लायन यांना या कायद्याखाली चार महिन्यांची कैद आणि 1,000 डॉलर दंड झाला, आणि मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. पक्षाचे खरे मोल येथे दिसू लागते, कारण दडपलेल्या असंतोषाला बंडाऐवजी मतपेटीची वाट सापडली होती.

1800 च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांपैकी प्रत्येकाला, पदांचा भेद न करता, दोन मते द्यावी लागत. रिपब्लिकन इतके शिस्तीने वागले की जेफर्सन आणि त्यांचेच सहकारी एरन बर यांना प्रत्येकी 73 मते पडली व निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तेथे प्रत्येक राज्याला एक मत होते आणि 16 पैकी 9 राज्ये हवी होती. मेरीलँडचे जोसेफ निकोल्सन तापाने फणफणलेले असताना बर्फातून सभागृहात आणले गेले आणि बाजूच्या खोलीत अंथरुणावर पडून मत देत राहिले, कारण ते नसते तर मेरीलँड बर यांच्याकडे गेले असते. 35 फेऱ्या निष्फळ ठरल्या. 17 फेब्रुवारी 1801 रोजी, 36 व्या फेरीत, तोवर बर यांना मत देत आलेल्या काही फेडरलिस्टांनी मतदान टाळले तेव्हा तिढा सुटला. व्हरमाँटचे मत जेफर्सन यांच्या पारड्यात टाकले ते मॅथ्यू लायन यांनी.

3 मार्चला राजद्रोह कायद्याची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवशी जेफर्सन यांनी शपथ घेतली. मावळते राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स समारंभाला न थांबता पहाटेच राजधानी सोडून गेले. मनातली कटुता त्यांनी लपवली नाही, पण सत्ता सोडली, आणि हेच त्या घडीला अधिक महत्त्वाचे होते. व्हिस्कीवरील ज्या कराविरुद्ध 1794 मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातील शेतकऱ्यांनी बंदुका उचलल्या होत्या आणि त्यांना आवरण्यासाठी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या सरकारने हजारो सैनिक धाडले होते, तो कर 1802 मध्ये काँग्रेसने साध्या बहुमताने रद्द केला.